बस्त्याच्या दिवसांतली सुट्टी

शाळेच्या सुट्टीची तारीख बदलणारा माणूस कसा दिसत असेल, याचं मला मोठं कुतूहल आहे. त्याला स्वतःला पोरं असतील का? असतील तर ती दिवसभर कोण सांभाळतं? आमच्या मुलीच्या शाळेने त्या वर्षी पालकांच्या ग्रुपवर शुक्रवारी संध्याकाळी एक ओळ टाकली. अपरिहार्य कारणास्तव दिवाळीची सुट्टी येत्या सोमवारपासून सुरू होईल. म्हणजे ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी. ते अपरिहार्य कारण कोणतं, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

ग्रुप पेटला. आमची ऑफिसं काय शाळेला विचारून चालतात का, असं कुणी विचारलं. कुणी नुसतेच लालबुंद चेहरे टाकले. एका बाईंनी सगळ्यांच्या मनातलं लिहिलं, "पोराला कुठे ठेवू तेवढं सांगा." त्यावर शाळेकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. मी चिडून फोन आपटला, पण उशीवर. नवा घ्यायची ऐपत नव्हती.

मुलीला एरवी माझी आई सांभाळते. ती भातकापणीला गावी गेली होती, आणि शाळेची जुनी तारीख बघूनच गेली होती. बायको परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिच्या वॉर्डात दिवाळीच्या तोंडावर रजा मागायची सोय नाही. मी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात सेल्समन. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, म्हणून लग्नाचा बस्ता बांधायला लोक दिवाळीआधीपासूनच येतात, आणि एकेक घर अख्खी भावकी घेऊन येतं. शेजारच्या काकू कधीमधी मुलीला बघायच्या, तर त्याही नेमक्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या.

"तुझ्या दुकानात घेऊन जा ना," बायको म्हणाली.

"दुकानात नको."

"का?"

ते कारण मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

साडी गादीवर पसरून कळत नाही. बाईला ती अंगावर बघायची असते, आणि दुकानात दहा लोकांसमोर स्वतःच्या अंगावर लावायला ती लाजते. मग आम्ही नेसतो. शर्ट-पँटवरच. एक टोक पट्ट्यात खोचायचं, भराभर निऱ्या घालायच्या, पदर खांद्यावर टाकायचा आणि आरशासमोर अंमळ तिरकं उभं राहायचं. मिशीसकट. हे काम मला उत्तम जमतं. पण एका लग्नात माझ्या मेहुण्याने कंबर हलवून माझी नक्कल केली होती आणि अख्खा हॉल हसला होता. मुलगी तेव्हा तान्ही होती. आता ती तिसरीत गेली, तरी बाबा साड्या विकतो एवढंच तिला ठाऊक. ती हसली तर? मेहुण्याचं हसणं मी गिळलं होतं. तिचं मला सोसलं नसतं.

पण अडला हरी... सोमवारी तिला घेऊन गेलोच. शेठ म्हणाले, "बैठने दो. लेकिन गद्दी पे नहीं." कपाटाशेजारच्या स्टुलावर ती चित्रांची वही घेऊन बसली आणि माझ्या सहकाऱ्याला प्रश्न विचारून भंडावून सोडू लागली. नव्या साडीला असा वास का येतो? आरशात बघताना बायका तोंड वाकडं का करतात? न घेतलेल्या साडीची घडी पुन्हा कोण घालतं?

सकाळभर मी साड्या हातावरच दाखवल्या. नेसायची वेळ आली की सहकाऱ्याला पुढे करायचो. गिऱ्हाइकं उठून जाऊ लागली. "क्या हुआ, आज कमर में दर्द है क्या?" शेठनी विचारलं. मी हो म्हणालो.

दुपारी काळाचौकीचं एक बस्त्याचं घर आलं. नवरी, तिची आई, आजी, मावश्या. आईला एक शालू पसंत पडला. नवरीचं ठरेना.

"दादा, असं हातावर नको," आई म्हणाली. "जरा लावून दाखवा ना अंगाला. पोरीला असं कळत नाय."

सहकारी जेवायला गेला होता. शेठ माझ्याकडेच बघत होते. मी मुलीकडे न बघता शालूचं टोक पट्ट्यात खोचलं.

पदर टाकून वळलो तेव्हा ती स्टुलावरून उठून उभी होती. वही खाली पडलेली, तोंड उघडं. हसत नव्हती. या पोरीच्या डोक्यात आत्ता काय चाललंय, हे जाणून घ्यायला मी त्या क्षणी महिन्याचा पगार दिला असता.

"बाबा," ती मोठ्यांदा म्हणाली, "मागे वळ ना. त्या आजींना पाठीवरचं डिझाईन दिसत नाहीये."

बायका खळखळून हसल्या. मी वळलो. तो शालू त्यांनी घेतला नाहीच. दुसरा पसंत पडेपर्यंत मला आणखी चार नेसावे लागले, आणि दर वेळी स्टुलावरून हुकूम सुटत होते.

घरी तिने आईची ओढणी खोचून सगळा खेळ करून दाखवला. "हे होतं होय तुझं कारण?" म्हणत बायको हसून हसून दमली. त्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. पण एक काटा सलत राहिला. घरात ठीक आहे, शाळेत काय? पोरं मेहुण्यापेक्षा वाईट असतात.

ती आठवडाभर रोज आली. माझी आई गावाहून परतणार होती त्याच्या आदल्या संध्याकाळी बस स्टॉपवर मी धीर करून विचारलं, "शाळा सुरू झाली की सांगणार का गं मैत्रिणींना? दुकानातलं?"

"नाही," ती ताडकन म्हणाली.

"का?"

"वेडा आहेस का? त्यांच्या आया कधीच्या विचारतायत, पोरांना कुठे ठेवायचं म्हणून. कळलं तर सगळ्यांना आपल्याच दुकानात आणून सोडतील."

मला इतका आनंद झाला की समोरून बस निघून गेली तरी मी हात केला नाही. तिचं बसकडे लक्षच नव्हतं. ती कसला तरी हिशेब करत होती.

"बाबा, पुढच्या वर्षीपण तारीख बदलतील ना?"

"बदलायलाच पाहिजे," मी म्हणालो.