अर्ध्या पोत्याची मागणी

अप्पा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. क्विंटलाचं पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, थप्पीला लावायचं आणि पुढच्या पोत्यासाठी परत यायचं. घरी आले की जमिनीवर पालथे पडून मला म्हणायचे, "पाय दे गं बाय." मग मी भिंतीला धरून त्यांच्या पाठीवर उभी राहायचे. कॉलेजात गेले तरी हे काम माझ्याकडंच राहिलं, फक्त आता मी गुडघ्यानं दाबायचे. त्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की ओझं सोडा, नाहीतर एक दिवस अंथरुणातून उठता येणार नाही. अप्पांनी गोळ्या घेतल्या आणि सकाळी मोंढा गाठला.

लातूर तेव्हा बदलत होतं. भूकंपाची भीती पुरती गेली नव्हती. कुणी जोरात दार आपटलं की आई अजून अंगणात पळायची. आणि गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या, बाहेरगावची पोरं डॉक्टर व्हायला येत होती. त्यांच्या मेसची गव्हा-तांदळाची पोती कुणाच्या पाठीवरून येतात, याच्याशी गावाला देणंघेणं नव्हतं. ते होतं आमच्या चाचांना.

चाचा हमालांच्या युनियनचे सेक्रेटरी. नांदेडच्या जुन्या मुसलमान घरातले, तरुणपणी स्वतः हमाल, मेंदीनं लाल केलेली दाढी आणि स्वभाव तिखट. त्यांची मागणी एकच होती, पोतं अर्धं करा, पन्नास किलोचं. व्यापाऱ्याशी भांडून ते होणार नव्हतं, कारण पोती बाहेरूनच भरून येत. नियम बदलायला हवा होता आणि नियम बदलतो मुंबईत.

बाकीचे पुढारी मोर्चा काढायचे, निवेदन द्यायचे आणि फोटो काढून घरी जायचे. चाचांचं डोकं वेगळं चालायचं. "मोंढा बघून आमदाराला काय फरक पडून राहिला?" ते म्हणायचे. "हमालाचं मत गावाकडं हाय. त्याचा भाऊ, मेव्हणा, सोयरे समदे तिकडं. तिथून बोला की." त्यांनी युनियनमध्ये कामाच्या टोळ्यांऐवजी आमदारांच्या मतदारसंघांप्रमाणे टोळ्या पाडल्या. धर्माबादकडचे हमाल एकीत, उदगीरकडचे दुसरीत, आमच्या गावाकडचे तिसरीत. सणाला गावी गेलेल्या हमालानं ग्रामसभेत उभं राहून ठराव मांडायचा, मग गावकऱ्यांनाच सोबत घेऊन आमदाराच्या दारी जायचं. हार न्यायचा नाही, घोषणा द्यायच्या नाहीत. एवढंच विचारायचं की साहेब, अधिवेशनात हा प्रश्न मांडणार का, हो की नाही. आणि एक सक्त नियम होता. स्वतःसाठी काही मागायचं नाही, पोराची नोकरी नाही, घरकुल नाही, काही नाही. "एकानं आपलं मागितलं की समद्यांचं बुडालं," चाचा बजावायचे. जन्मभर अंगठा उठवलेली ही माणसं ग्रामसभेत कायद्याचं बोलायला लागली, याचं मला तेव्हाही कौतुक होतं आणि आजही आहे.

आमच्या गावाकडचे आमदार मात्र "बघू" याच्या पुढं जाईनात. म्हणून चाचांनी तालुक्याच्या गावी त्यांच्या घरासमोर धरणं ठेवलं. निवेदन वाचून दाखवायला मला नेलं, अप्पा तर टोळीत होतेच.

तिथं घोळ झाला, आणि तो फक्त हमालच घालू शकतात. भूकंपानंतर मदतीच्या गाड्या यायच्या तेव्हा चाचांनीच शिस्त लावली होती की भरली गाडी ताटकळत ठेवायची नाही. ती शिस्त आमच्या लोकांच्या अंगात मुरली होती. आमदारांच्या घरी लेकीचं लग्न होतं. धान्याची गाडी येऊन उभी राहिली आणि उतरवायला कुणी नाही, कारण त्या गावचे हमालही धरण्यात बसलेले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. चाचा फौजदाराशी बोलायला गेले होते. एक जण उठला, त्याच्यामागं दुसरा, आणि बघता बघता अख्खं धरणं गाडीला लागलं.

चाचा परतले आणि डोक्याला हात लावून म्हणाले, "कमबख्तो, धरणं धरायला आलात का वऱ्हाडाला?"

आमदार ओसरीवर उभे राहून हसत होते. तेवढ्यात पायरी चढणारे अप्पा पोत्यासकट गुडघ्यांवर बसले आणि त्यांना उठता येईना. सगळ्यात जवळ आमदारच होते. त्यांनी पोतं धरून बाजूला ओढलं, ते जागचं हललं नाही. शेवटी दोन हमालांनी येऊन उतरवलं.

"एवढं जड असतंय का हे?" आमदारांनी विचारलं.

"नेहमीचंच हाय साहेब," अप्पा म्हणाले.

आमदार माणूस वाईट नव्हता. त्यांनी अप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "लातुरात आमच्या पाव्हण्याचं पोरांचं होस्टेल हाय. उद्यापास्नं तिथं वॉचमन म्हणून जा. बसून काम हाय."

माझा जीव भांड्यात पडला. देवच पावला असं वाटलं. अप्पांनी चाचांकडं बघितलं. आता चाचा आपला नियम सांगणार म्हणून मी दात खाऊन उभी होते. पण चाचा म्हणाले, "घे. पाठ तुझी हाय. लोकांला मी समजावतो."

अप्पांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मी गेलो की माझ्या जागी दुसरा येणार. त्याच्या पाठीवर हेच पोतं. साहेब, तेवढं अधिवेशनात विचारा."

मला एवढा संताप आला की परतीच्या गाडीत मी दोघांशीही बोलले नाही.

आमदारांनी पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी मांडली. आपल्याला पोतं हलवता आलं नाही, हे त्यांनी सभागृहात कबूल केलं म्हणे. धर्माबादकडच्या, उदगीरकडच्या टोळ्यांनी आपापले आमदार आधीच तयार ठेवले होते, तेही उठून बोलले. मग बैठका सुरू झाल्या. चाचा भाकरी बांधून मुंबईला जायचे, खात्याच्या दारात बसायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. आल्यावर मोंढ्यात सगळ्यांना सांगायचे की आज काय झालं आणि कोण काय म्हणालं. हात हलवत परत आले तरी लपवायचे नाहीत.

नियम व्हायला वर्षं गेली. अप्पांची पाठ तेवढी थांबली नाही. एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठता आलं नाही, आणि नंतर काठीशिवाय कधीच चालले नाहीत. होस्टेलच्या दारातली ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून हटत नसे. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही.

पन्नास किलोची पोती मोंढ्यात आली त्या दिवशी चाचांनी अप्पांना न्यायला रिक्षा पाठवली. मी सोबत गेले. अडत दुकानाच्या सावलीत त्यांना बसवलं. समोर टोळी गाडी उतरवत होती. मी माणसांच्या पाठी बघत होते, अप्पांनी मात्र डोळे मिटले होते. मला वाटलं, कळ आली.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई. ऐक की. वझं घेऊन बोलून राहिलेत."

क्विंटलाखाली माणसाच्या तोंडातून शब्द निघत नाही. इतकी वर्षं त्या मोंढ्यात नुसत्या धापा ऐकू यायच्या. आता एक जण पाठीवर पोतं घेऊन जाता जाता मागच्याला सांगत होता की आज बायकोनं डब्यात वांग्याचं भरीत दिलंय, आणि मागचा पोत्याखालून म्हणत होता, मला ठेव.