वसंत जाधवांची चकती

ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलं होतं. मंगळवारी दुपारी वसंत जाधव यांना वॉर्डातून माझ्याकडे फिजिओथेरपीत पाठवलं. काम नेहमीचं होतं. पाठीच्या ऑपरेशननंतर कुशीवर कसं वळायचं, हात टेकून कसं उठायचं, हे रुग्णाला आधीच शिकवून ठेवतात. वीस मिनिटं लागतात.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. मूळची निपाणीची, त्यामुळे मराठी रुग्ण आला की तो माझ्याकडे यायचा. जाधव चाळिशीचे. शिवाजीनगरात त्यांचं आणि थोरल्या भावाचं गलाईचं दुकान होतं. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं, भेसळीचं सोनं वितळवून शुद्ध करून देणं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर भागातली माणसं हा धंदा घेऊन देशभर गेली आहेत. जाधव बंगळूरला वीस वर्षं होते.

सकाळीच ॲडमिट झाले होते. कोचावर आडवं व्हायला सांगितलं, तर त्यांनी दोन्ही हातांनी उजवी मांडी उचलून वर ठेवली.

“आक्का, तीन आठवड्यांत आज पहिल्यांदा दिवसाचा आडवा होतोय,” ते म्हणाले.

मी केस पेपर पाहिला. त्यावर लिहिलं होतं : तीन आठवडे पूर्ण विश्रांती, औषधं. फरक नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याची ताकद कमी. सर्जरी.

“तुम्हाला विश्रांती सांगितली होती ना?”

“घेतली की. तीन आठवडे भट्टीला हात लावला न्हाई. भाऊ एकटा काम करतोय.”

“मग दिवसभर काय करत होतात?”

“बसून होतो.”

“कसे?”

“मांडी घालून. भिंतीला टेकून. दुसरं कसं बसणार?”

इथे थोडं शरीरशास्त्र सांगावं लागेल. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बाहेर चिवट तंतूंचं कडं, आत मऊ, ओलसर गाभा. कडं कमजोर होऊन चकती बाहेर फुगली की त्याला बल्ज म्हणतात. कडं फाटून गाभा बाहेर आला की आजार पुढच्या पायरीवर गेला. लोक दोन्हीला ‘मणक्यात गॅप आला’ म्हणतात. प्रत्यक्षात गॅप कुठेच नसतो, असते ती गर्दी. एमआरआयवर दिसत होतं की जाधवांच्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती फुगून फाटली होती. शेंगदाण्याएवढा तुकडा मागे सरकून एका नसेवर बसला होता. पायाचा अंगठा वर उचलायचा हुकूम त्या नसेतून जातो. कळ कमरेतून निघून पोटरीपर्यंत जायची.

पुढे झुकून बसल्यावर कमरेच्या चकतीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. आडवं झाल्यावर तो सर्वांत कमी असतो. जाधव तीन आठवडे रोज दहा तास फाटलेली चकती दाबत बसले होते आणि त्याला विश्रांती समजत होते.

“आडवं का नाही झालात?”

त्यांनी मला समजावून सांगितलं, जरा कंटाळूनच. दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. टोकाला भट्टी. आडवं व्हायचं तर लांबीतच व्हावं लागतं. डोकं भट्टीकडे केलं तर धग आणि ॲसिडचा धूर. पाय भट्टीकडे केले तर पाप. “तिची आम्ही पूजा करतो, आक्का. तिच्याकडं पाय करून कोण झोपतंय?” रात्री दोघे भाऊ शिडीने माळ्यावर जायचे. तीन आठवडे हे गृहस्थ त्या पायाने शिडी चढत होते.

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी इचारलंच न्हाई.”

मी डॉ. शेषाद्रींच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे सर्जन. हात चांगला, बोलणं कमी. मी सगळं सांगितलं.

“विश्रांती देऊन पाहिली, फेल झाली,” ते म्हणाले.

“सर, दिलीच गेली नाही. तो बसला होता.”

“तीन आठवडे?”

“मांडी घालून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “अंगठा?”

“पाचपैकी तीन. उचलता येतो, पण बोटाने दाबलं की खाली जातो.”

“पहिल्या दिवशी किती होता?”

“पेपरवर तीनच आहे. ताकद वाढली नाही, उतरलीही नाही.”

“तुकडा मोठा आहे. थांबलो आणि नस गेली, तर तो आयुष्यभर पाऊल ओढत चालेल. ते तुम्ही त्याला सांगणार की मी?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नस फार काळ दबून राहिली की ताकद परत येईलच असं नाही. मात्र जाधवांनाही भीती होती, वेगळी. ऑपरेशननंतर भट्टीपुढे उकिडवं बसता येणार नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, सांडशीत धरून ओतायचं काम दोघा भावांत त्यांचंच होतं. थोरल्याचा हात थरथरायचा.

शेवटी डॉक्टरांनीच जाधवांना दोन्ही बाजू सांगितल्या. जाधवांनी थांबायचं निवडलं, तेव्हा डॉक्टरांनी अटी घातल्या. सहा आठवडे थांबू. दर तिसऱ्या दिवशी अंगठा तपासायचा. ताकद जरा जरी उतरली तर ऑपरेशन. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच तासाला हॉस्पिटल, मग मिनिटं मोजायची.

“कळलं?”

“सरी, सर,” जाधव म्हणाले. कानडीत सरी म्हणजे बरं.

दुकानात परत जाणं शक्य नव्हतं. बंगळूरमध्येच, महादेवपुऱ्यात त्यांचा मेहुणा एका कारखान्यात कामाला होता. त्याच्या खोलीत लोखंडी कॉट होती. जाधवांना तिथे हलवलं. पण सलग पडून राहणंही आम्हाला नको होतं, त्याने स्नायू झडतात. म्हणून दिनक्रम असा ठरला : पडायचं, थोडं चालायचं, पुन्हा पडायचं. जेवण उभ्याने. बसायचं फक्त संडासात, तेही कमोडवर. मेहुण्याने लाकडी खुर्चीला भोक पाडून कमोड तयार केला.

व्यायाम एकच दिला. पालथं पडायचं, कोपरांवर छाती उचलायची, कमर सैल सोडायची. पोटरीतली कळ या व्यायामाने वर सरकून कमरेत येऊ लागली, तर ते चांगलं लक्षण. खाली पावलाकडे गेली तर लगेच थांबायचं.

सहाव्या दिवशी कळ वाढली. अंगठा तीनवरच होता. मेहुण्याच्या खोलीत उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं, सर्जनपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं समजणाऱ्या बाईसारखं आपण वागलोय. व्यायाम दोन दिवस बंद ठेवला. डॉ. शेषाद्रींना फोन केला.

“अंगठा?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

“मग रोज बघा.”

दहाव्या दिवशी जाधव म्हणाले, “आक्का, पोटरी मोकळी झालीय. मांडीत हाय आता.” पुढच्या आठवड्यात कळ कुल्ल्यात होती. मी नकाशावर काढल्यासारखी रोज तिची जागा वहीत लिहीत होते. ती खरोखर वर चढत होती. चौथ्या आठवड्यात मी अंगठ्यावर बोट ठेवून दाबलं आणि अंगठा हलला नाही. पुन्हा दाबलं. जाधव माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

“काय झालं?”

“काही नाही. धरून ठेवा.”

त्यांनी धरून ठेवला. सहा आठवडे संपले तेव्हा ते मेहुण्याबरोबर बस स्टॉपपर्यंत चालत जाऊन येत होते. ऑपरेशनचा विषय निघाला नाही.

पाच महिन्यांनी त्यांना भट्टीवर परतायचं होतं. डॉ. शेषाद्री म्हणाले, “तुकडा कुठे आहे ते पाहिल्याशिवाय मी त्याला वजन उचलू देणार नाही.” दुसरा एमआरआय झाला. त्या दिवशी रेडिऑलॉजिस्टने आम्हा दोघांना खाली बोलावलं.

व्ह्यूइंग बॉक्सवर, म्हणजे मागून उजेड असलेल्या काचेवर, दोन फिल्म्स शेजारी शेजारी लावल्या होत्या. डावीकडे जुनी. तुकडा स्पष्ट दिसत होता, नसेची वाट अडवून बसलेला. उजवीकडे नवी. तिथे काहीच नव्हतं.

“हा तोच पेशंट आहे?” रेडिऑलॉजिस्टने विचारलं.

नाव तेच. वय तेच. तरी त्याची खात्री पटत नव्हती. मग त्यानेच एक खूण शोधली. दुसऱ्या मणक्याच्या आत एक गोल पांढरा ठिपका होता. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, अनेकांना असते. दोन्ही फिल्म्सवर ठिपका त्याच जागी, त्याच आकाराचा. माणूस तोच होता.

डॉ. शेषाद्री खुर्ची ओढून बसले. त्यांनी असे तुकडे चिमट्याने काढले होते, बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवले होते. तुकडा आपोआप गेलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता, कारण पाहायला ते कधी थांबलेच नव्हते. असं होतं, हे त्यांनी वाचलं होतं. मीही वाचलं होतं. पण उजव्या फिल्मवरची ती रिकामी जागा पाहताना वाचलेलं आठवत नव्हतं.

स्पष्टीकरण आहे. चकतीचा गाभा जन्मापासून कड्याच्या आत बंद असतो. रक्ताशी त्याची गाठच पडत नाही. तो बाहेर आला की शरीर त्याला परका समजतं. पांढऱ्या पेशी येतात आणि त्याला थोडा थोडा खाऊन टाकतात. साध्या बल्जपेक्षा फाटून बाहेर आलेले मोठे तुकडेच बहुधा असे नाहीसे होतात. म्हणजे फिल्मवर जो जास्त भयंकर दिसतो, तोच जाण्याची शक्यता जास्त. हे मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितलं आहे. सांगताना अजूनही क्षणभर थांबते.

जाधवांना फिल्म दाखवली. त्यांनी जवळ जाऊन पाहिली.

“गेला कुठं?”

“शरीराने खाल्ला.”

ते विचारात पडले. “आम्हाला सोन्यातलं तांबं काढायचं तर ॲसिड लागतं, आग लागते. हे नुसतं पडून झालं?”

“पडून आणि चालून.”

“आन् आम्ही भट्टीपुढं बसून ऱ्हायलो.”

सगळंच बरं झालं असं नाही. चकती वाळलेली होती, थोडा बल्ज उरला होता, सकाळी कमर आखडायची ती आखडतच राहिली. भट्टी विटांच्या ओट्यावर चढवावी, म्हणजे उभ्याने काम करता येईल, असं मी सुचवलं. थोरल्या भावाने ते दोन महिने ऐकून घेतलं नाही. भट्टी जमिनीवरच असते, असं त्याचं म्हणणं. मग दसऱ्याला पूजा करून त्याने स्वतःच ओटा बांधला. जाधव पुन्हा मूस ओतू लागले, उभ्याने.

त्यानंतर मी थांबायला सुचवलेले दोन रुग्ण थांबून बरे झाले नाहीत. डॉ. शेषाद्रींनी त्यांची ऑपरेशनं केली आणि ती चांगली झाली. कोणाचा तुकडा विरेल, हे फिल्म बघून मला आजही छातीठोक सांगता येत नाही. रुग्ण काल दुपारी तीन वाजता कुठे आणि कसा होता, हे मात्र विचारलं की कळतं. विचारायला अर्धं मिनिट लागतं.