कालव्याकाठी चालू ठेवलेले इंजिन

सुमंगला गाडी फार हळू चालवते, हे इब्रामपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर सायकल तिच्या काचेशी आणून विचारी, "वैनी, ढकलू काय वायच?" ती हसे आणि त्याच चालीने पुढे जाई. तिचा नवरा यशवंत याला मात्र या हळूपणाचे कौतुक होते. "इतक्या वर्सांत एक ओरखडो नाय गाडयेर," असे तो सोप्यावर बसून आल्यागेल्याला ऐकवायचा. ती भिऊन हळू चालवते, अशी सगळ्यांची समजूत होती आणि सुमंगलाने ती कधी दुरुस्त केली नाही.

ती मूळची चोपड्याची. वडील शापोरा नदीत होडी चालवणारे. लग्न होऊन इब्रामपुरात आली तेव्हा यशवंतचा स्वतःचा टिपर, खनिज वाहणारा ट्रक, डिचोलीच्या खाणीवर चालत होता. तो पहाटे जायचा, दिवेलागणीला लाल धुळीने माखून यायचा. मधला दिवस तिचा असे. पुढे खाणी बंद पडल्या, टिपर विकला गेला, आणि एका पावसाळ्यात काजूच्या भाटात, बागेच्या उतारावर पाय घसरून यशवंतचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून तो काठी घेऊन घरातच असे.

माणूस वाईट नव्हता. दारूचा थेंब नाही, बायकोवर कधी हात टाकला नाही. पण आयुष्यभर रस्त्यावर रोखलेली त्याची नजर आता घरातल्या एकुलत्या एका हलत्या वस्तूवर येऊन बसली होती. ती विहिरीवर गेली की हाक यायची, "खंय गो?" न्हाणीत वेळ लागला की काठी दारावर वाजायची, "बरां मगो?" मुलगी गौरवी पुण्याला नोकरीत. तिचा फोन आला तरी यशवंत तो मोठ्या आवाजावर लावायला सांगे, म्हणजे दोघांनाही ऐकू येईल. सुमंगला चांदेलच्या अंगणवाडीत शिकवायची. तिथे पोचताच त्याचा फोन, "पावलंस?" सुटल्यावर पुन्हा, "निघालंस?"

राहता राहिली गाडी. जुनी, डिझेलवर चालणारी, टिपरच्या पैशातून उरलेली. घर ते अंगणवाडी आणि परत, एवढीच तिची धाव. रस्ता आधीच आखूड. तो लवकर संपू नये म्हणून सुमंगला हळू चालवायची. परतताना कालव्याच्या कडेला काजूच्या सावलीत गाडी उभी करायची आणि काचा वर घेऊन बसायची. ती हळूच चालवते म्हणून उशिराचा हिशेब कोणी मागत नसे. काही करायची नाही. गाणी नाहीत, फोन नाही. समोर पाणी वाहत असे, त्याच्याकडे बघायची. इंजिन मात्र ती बंद करत नसे. इंजिन बंद केले तर ते थांबणे झाले. चालू असले म्हणजे आपण निघण्याच्या बेतात आहोत. तिने स्वतःपुरती काढलेली ही पळवाट होती. कोणी विचारलेच, तर "हे काय, निघतेच आहे" म्हणता आले असते.

या उन्हाळ्यात गाडी चढावर दम टाकू लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ येईना, मागून काळा धूर निघे आणि समोर पिवळा दिवा पेटून राही. यशवंतने ते सोप्यावरूनच ओळखले.

"गेली ही. डिचोलीचो सर्वेश, जुन्यो गाडयो घेता तो, कधीपासून मागता, तेका देवन टाकूया."

"आणि मी जातलंय कशी?"

"सकाळची बस आसा. येताना दुपारची आसा. काय चुकता?"

बसची वेळ त्याला पाठ होती, हेच तर चुकत होते. पण ते बोलून दाखवण्यासारखे नव्हते. "एकदा धारगळच्या गॅरेजवाल्या स्वप्नीलाक दाखवूया," एवढेच ती म्हणाली. यशवंत कबूल झाला, पण म्हणाला, "मी येतंय वांगडा. तो काय सांगता ता माका ऐकूंक व्हया."

स्वप्नीलचे गॅरेज धारगळला हायवेच्या कडेला. यशवंतला तो टिपरच्या दिवसांपासून ओळखत होता. स्वप्नीलने त्याला बसायला स्टूल दिले, बॉनेट उघडले आणि इंजिनात हवा नेणारी नळी सोडवली. आतून डांबरासारखा काळा, ओलसर थर निघाला. हवेची वाट निम्म्याहून अधिक बुजली होती. जळका धूर पुन्हा आत सोडणारी झडप तर जागच्या जागी चिकटून बसली होती.

"यशवंतभाऊ, हेच्यात चूल पेटयली होती काय?" स्वप्नील हसला.

लाकडी काडीने तो काजळी खरवडून वर्तमानपत्रावर टाकू लागला. सुमंगला बाजूला उभी राहून पाहत होती. कागदावरचा ढीग वाढत होता.

"वैनी, एक विचारतंय, राग धरू नकात. गाडी उभी करून इंजीन चालू ठेवतास काय? खूप वेळ?"

तिने यशवंतकडे पाहिले नाही. तो मात्र तिच्याकडे पाहत असणार, हे तिला कळले.

"ती कित्या ठेवतली?" यशवंतच म्हणाला. "घर ते चांदेल, चांदेल ते घर."

"तेवढ्यान इतको कार्बन नाय बसणा, भाऊ. तसा नसात तर मग इंजीन आतून तेल जाळता. पिस्टनाच्यो रिंगो गेल्यो. तेच्यात पडू नकात, सर्वेशाक घालून टाका."

म्हणजे नाही म्हटले तर गाडी जाणार होती. हो म्हटले तर गाडी राहणार होती, पण गाडी कशासाठी हवी ते उघडे पडणार होते. स्वप्नीलची काडी थांबली. हायवेवरून एक ट्रक गेला आणि पत्रे थरथरले.

"ठेवतंय," सुमंगला म्हणाली.

"खंय?" यशवंतने विचारले.

"कालव्याकडे."

"कोण असता थंय?"

"कोण नाय."

"मगे काय करतंस?"

"बसतंय."

स्वप्नील खाली मान घालून झडपेवर स्प्रे मारू लागला. यशवंत काठीची मूठ चोळत राहिला. तो ओरडला असता तर तिला सोपे गेले असते. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खुब्याचे हाड मोडल्याचे डॉक्टरांनी सांगितले, त्या दिवशी होता तसा तो चेहरा झाला होता. त्या दिवशी तिने त्याचा हात धरला होता. आज तिला ते जमले नाही.

साफसफाईला बराच वेळ लागला. नळ्या डिझेलमध्ये बुडवून घासल्या, हवेने फुंकल्या, इंजेक्टर मशीनवर लावून धुतले. सगळे पुन्हा बसवल्यावर स्वप्नील म्हणाला, "रिंगो बऱ्यो आसत. आता पत्रादेवीपर्यंत जावन येवा. तिसऱ्या गिअरातच ठेवा, आणि पळवा. उरलोसुरलो धूर भायर पडांदे."

सुमंगलाने गाडी हायवेला काढली. पाय दाबला तशी गाडी उसळली. आरशात काळा लोट दिसला, मग राखाडी, मग काहीच नाही. इंजिन मोठ्याने गात होते. पुढचा रस्ता रिकामा होता, पत्रादेवीच्या पलीकडे बांदा, त्याच्या पलीकडे सावंतवाडी. तिने आणखी दाबले. शेजारी यशवंतने दाराचे हँडल पकडले होते.

"ओढता गो!" तो एकाएकी म्हणाला. त्याचे डोळे टिपर चालवणाऱ्या माणसाचे झाले होते. "काय ओढता! आता विकूक नको."

तिला हायसे वाटले. पत्रादेवीला, गोव्याच्या हद्दीवरच्या चेकनाक्याआधी तिने गाडी वळवली.

धारगळ मागे पडल्यावर तो बोलू लागला, अगदी मऊपणे. "माझाच चुकला. तू एकटीच थंय बसतंस, माका ठाऊकच नाय. सोमवारपासून मी येतंय तुझ्यावांगडा. तू पोरांक शिकय, मी गाडयेत बसतंय. घरात बसान तरी काय करतंय मी? येताना दोघांय बसूया कालव्याकडे. इंजीन बंद करून. गजाली करूया. किती दिसांत गजाली नाय केल्यो आपण."

खोड काढावी असे त्याच्या बोलण्यात काही नव्हते. त्यात प्रेमच होते. तिने गिअर बदलला.

"पायांक त्रास होतलो तुमच्या," ती म्हणाली.

"सीट मागे घेतंय."

सोमवारी ती पिशवी घेऊन अंगणात आली, तेव्हा यशवंत इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर तयार होता. पट्टा लावलेला, काठी दोन गुडघ्यांमध्ये. सीट मागे सरकवलेली. आतून हात लांब करून त्याने तिच्यासाठी दार उघडले.