ताईच्या वतीने मीच बोलले

अन्याय झाला तो आमच्या टीममधल्या ताईवर. आणि झाला गेल्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. त्या मिनिटाला नोएडातल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या पडद्यावर मेल येऊन पडला: एक तारखेपासून पाचही दिवस ऑफिसात हजर राहावे. तोवर सोमवार आणि शुक्रवार सक्तीचे होते, बाकी तीन दिवस घरून काम. मेलच्या शेवटी ‘आपल्या सर्वांच्या आनंदासाठी’ असंही लिहिलं होतं. आमचा आनंद कोणी मोजला होता, हे मात्र लिहिलं नव्हतं.

ताई म्हणजे टीममधली माझ्याशिवायची एकमेव मराठी बाई. ती फरीदाबादला राहते. येताना कालकाजीला मेट्रो बदलायची, नोएडात उतरल्यावर ई-रिक्षा धरायची. दारातून दारात पावणेदोन तास. घरी सासरे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. नवरा पानिपतला चादरींच्या कारखान्यात, उजाडायच्या आत घर सोडणारा. मेल वाचून ती एवढंच म्हणाली, “संपलं यार. आता राजीनामाच.” आणि तिने लॅपटॉप मिटून डबा उघडला.

मला कॉलेजपासून पत्रकं लिहायची सवय आहे. होस्टेलच्या पाण्यावर, बसच्या पासवर, लायब्ररी लवकर बंद होते म्हणून, कशावरही. माझ्या हातात प्रश्न आला की त्याचं अर्ध्या तासात पत्रक होतं. हेही झालं. हिंदीत, कारण ऑफिस हिंदीत भांडतं. वर मोठ्या अक्षरात: ‘कुर्सी नहीं, काम देखो!’ खाली मागणी: पाचही दिवस घरून काम. आणि मधोमध उदाहरण, कारण उदाहरणाशिवाय पत्रक पांगळं असतं: ‘फरीदाबादहून येणारी आमची एक सहकारी, घरी आजारी सासरे, रोज मेट्रोत डोळे पुसत प्रवास करते.’ नाव टाकलं नाही. मी काय मूर्ख आहे?

होते. आमच्या मजल्यावर फरीदाबादहून येणारी एकच बाई आहे.

शुक्रवारी सकाळी सेक्टरच्या मार्केटमधून प्रती काढल्या आणि कॉफी मशीनवर, लिफ्टमध्ये, बायकांच्या टॉयलेटच्या दारावर चिकटवल्या. दहा वाजता ताई आली. गेटवरच्या गार्डने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, “मैडम, सब ठीक हो जाएगा.” लिफ्टमध्ये एका अनोळखी मुलीने तिचा हात दाबला. ताईला वाटलं, आपल्या घरी काहीतरी झालंय आणि आपल्यालाच ठाऊक नाही. मग तिने लिफ्टची भिंत वाचली.

तिने मला दंडाला धरून जिन्यात नेलं.

“काय गं पुढारी, मी मेट्रोत रडते?”

“ताई, ते जरा परिणामासाठी...”

“मी मेट्रोत मटार सोलते! लेडीज डब्यात, सीट मिळाली की पिशवी मांडीवर. घरी जाताना बदरपूर येईपर्यंत अर्धा किलो होतात. शेजारच्या बायका हात लावतात, सुनांच्या तक्रारी करतात. माझ्या आठवड्यातला सगळ्यात मजेचा वेळ आहे तो. आणि तू मला रडवलंस?”

“पण पाचही दिवस घरून मिळाले तर—”

“कोणाला हवेत पाच दिवस? घरी माझं ऑफिस म्हणजे डायनिंग टेबलचा कोपरा. सिलिंडर आला, उठ. प्लंबर आला, उठ. शेजारणीचं पार्सल, ‘भाभीजी, आप तो घर पर ही हैं’, उठ. इथे मी जेवायला बसले की जेवण संपेपर्यंत बसते. माहितीये तुला ते सुख? मला फक्त मंगळवार आणि गुरुवार घरी हवेत. त्या दिवशी अकरा वाजता बाबांचा व्यायाम घ्यायला माणूस येतो, आणि ते त्याला दारातूनच परत पाठवतात. मी समोर उभी राहिले तरच गुडघा वाकवतात. तेवढे दोन दिवस मिळाले नाहीत तर नोकरी सोडावी लागेल. बास. हे तू मला विचारलं असतंस तर दोन मिनिटांत सांगितलं असतं.”

 

ज्यांनी मेल पाठवला त्यांनी ताईला विचारलं नव्हतं, म्हणून मी चिडले होते. मी पत्रक लिहिलं, आणि मीही विचारलं नव्हतं. फरक एवढाच की माझ्या पत्रकाला उद्गारचिन्ह होतं.

पत्रकं आम्ही दोघींनी मिळून काढली. टेप नखाने खरवडताना ताईला हसू आवरेना. “टॉयलेटच्या दारावर! अगं, तिथे तरी मला सुखाने जाऊ दे.”

मग मॅनेजरकडे गेलो. माणूस लखनौचा, आवाज कधी न चढवणारा. त्याच्या टेबलावर पत्रक होतंच.

“तो ये रोने वाली आप हैं?”

“रोने वाली कोई नहीं है, सर,” ताई म्हणाली. “मंगल और गुरु घर से, बाकी तीन दिन यहाँ. नहीं हो सकता तो आज ही बता दीजिए.”

मी तोंड उघडलं, “सर, सवाल सिर्फ इनका नहीं, सभी...” ताईने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. जोरात. मॅनेजरने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “लिखकर दीजिए. तीन महीने के लिए मैं कर सकता हूँ. वैसे मुझसे भी किसी ने पूछा नहीं था.”

ताईने तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. चार ओळी, एकही विशेषण नाही. माझ्यापेक्षा किती तरी चांगलं लिहिते ती.

सोमवारी मी कोरा कागद घेऊन टेबलाटेबलाशी गेले. एकाला पाचही दिवस ऑफिस हवं, कारण त्याच्या पीजीच्या खोलीला खिडकी नाही. एकीला आठवड्यातून एकच दिवस यायचंय. एकजण म्हणाला, मे-जूनमध्ये रोज येतो, एसीसाठी. थंडीत बोलावू नका. माझ्या मागणीशी जुळणारं उत्तर एकच निघालं, आणि ते माझं होतं. कागद मॅनेजरने वर पाठवला आहे. तो मेल अजून मागे घेतलेला नाही, आणि मी अजून तिथेच आहे, त्यामुळे मेल पाठवणाऱ्यांना चैन पडणार नाही. ताईचे तीन महिने संपत आले की आम्ही पुन्हा आत जाऊ, बोलेल ती.

आता तुम्ही. तुमच्या हाताखाली माणसं असतील, किंवा घरात कोणी लॅपटॉप उघडून बसलेलं असेल, तर उद्या सकाळी त्याच्यासमोर खुर्ची ओढा आणि विचारा: तुला कुठे बसून काम करायचंय, आणि कोणत्या दिवशी? मग तोंड बंद ठेवा आणि उत्तर लिहून घ्या.