आर्गिरिसच्या गळ्याला घट्ट झालेला सदरा

आर्गिरिस अडखळत बोलायचा. साधं स्वतःचं नाव सांगायचं तरी पहिल्याच अक्षरावर अडायचा, आणि समोरच्याला घाई असली की लाजून गप्प व्हायचा. पण डोक्यावर लाकडी तबक घेऊन तो आमच्या चढाच्या गल्लीत शिरला की त्याच गळ्यातून लांबच लांब हाक निघायची, "कुलूऱ्याऽऽ! गरम कुलूऱ्याऽऽ!" त्या हाकेत एकही गाठ नसायची. कारण ती तो बोलत नसे, गात असे.

ग्रीसमधल्या आमच्या थेस्सलोनिकीत सकाळ व्हायची ती या कुलूऱ्यांच्या वासानं. बांगडीसारखे गोल पाव, वर गच्च तीळ, चावलं की आधी कुरकुर आणि मग मऊ. आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो. चौथ्या मजल्यावर एव्हान्थिया राहायची. ती नवरीमुलींचे कपडे शिवायची. आर्गिरिसची हाक आली की तिच्या गच्चीतून दोरीला बांधलेली टोपली आमच्या खिडकीसमोरून हलत डुलत खाली जायची. टोपलीत नाणं असायचं. तो तबकातली सगळ्यात खरपूस कुलूरी निवडून आत ठेवायचा, दोरीला हलका हिसका द्यायचा, आणि टोपली वर तरंगत जायची. असं अकरा वर्षं चाललं. एकमेकांशी एक शब्द नाही.

मग जानेवारीतली ती सकाळ आली. आखातावरून धुकं असं चढलं होतं की समोरची घरं विरघळून गेली होती. टोपली कुठल्या घरातून नव्हे, आभाळातूनच उतरत होती. त्या दिवशी तिच्यात नाण्याशेजारी एक घडी केलेला पांढरा सदरा होता.

आर्गिरिसनं तबक आमच्या पायरीवर ठेवलं आणि अंगातल्या लोकरी बंडीवरच तो सदरा चढवला. खांदे बरोबर, बाह्या बरोबर. त्यानं वर पाहिलं. वर नुसतं पांढरं.

"ए... ए... एव्..." तो अडला.

आई खिडकीतून वाकली. "अरे बोल की! या धुक्यात कोण बघतंय तुला?"

"ज... ज... जमत नाही, बाई."

"मग गा! रोज गातोस ना?"

 मग डोळे मिटून, अगदी कुलूऱ्यांच्याच चालीत, त्यानं सूर लावला, "एव्हान्थियाऽऽ! सदरा छान बसलाऽऽ! गळ्याला जरा घट्ट झालाऽऽ!"

धुक्यात कुठेतरी एक खिडकी उघडली. मग दुसरी. आणि वरून हसू आलं, खळखळून.

"होणारच! वरून तुमचे खांदे दिसतात, मान तबकाखाली असते! या वर, सैल करून देते!"

तो जिना चढून गेला. आमच्या पायरीवरच्या कुलूऱ्या गार होत राहिल्या. तासाभरानं आईनंच त्या गल्लीत वाटून टाकल्या.

वसंतात त्यांचं लग्न ठरलं, तेव्हा आर्गिरिसची झोप उडाली. देवळात सगळ्यांसमोर बोलावं लागलं तर? शेवटी आईच त्याला पाद्रीबाबांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, "बाळा, आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीला एक अक्षरही बोलायचं नसतं. तू फक्त उभा राहा. बोलायचं काम माझं." आर्गिरिसनं त्यांचा हात धरला तो सोडेचना.

पुढची सव्वीस वर्षं आम्ही चौथ्या मजल्यावरून येणारं त्याचं गाणं ऐकलं. तो मीठ गाऊन मागायचा, भांडायचाही गाऊनच. मग एव्हान्थियाला हसू फुटायचं आणि भांडण तिथेच संपायचं.

तबक जड व्हायला लागल्यावर त्यानं फेरी थांबवली. सकाळी दोघं समुद्राकाठी चालायला जायची. मी एकदा त्यांच्या मागून चालत होते. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. आर्गिरिस तिला काहीतरी सांगत होता, न गाता, त्याच्या अडखळत्या बोलण्यात. एका शब्दावर तो बराच वेळ थांबला. तीही थांबली, पाण्याकडे बघत, जणू सगळी सकाळ त्या एका शब्दासाठीच ठेवलेली होती.