लांबच्या जोड्या

गेल्या आठवड्यात माझ्या पीएचडीमुळे आईने माझ्याशी अबोला धरला… आणि चूक तिची अजिबात नव्हती.

बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले. त्यांच्या कार्यक्रमासाठी मी भिलाईला घरी आलेय, पण लॅपटॉपही सोबत आलाय… माझं रसायनशास्त्र कॉम्प्युटरवरच चालतं.

रेणूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना चुकवत फिरतात. त्यांच्या प्रत्येक जोडीचा अचूक हिशेब करायचा म्हटलं, तर मोठ्या रेणूपुढे कॉम्प्युटर हात टेकतो; त्याच्या या वेळेलाच आम्ही 'खर्च' म्हणतो… मग जवळच्या जोड्या नीट मोजायच्या आणि लांबच्या ढोबळमानाने, नाहीतर सरळ सोडून द्यायच्या. यातलं काय करायचं, ते मला ठरवायचं होतं.

तर मी स्वयंपाकघराच्या दारात बसून लॅबमधल्या मैत्रिणीला फोनवर जोरजोरात सांगतेय, "लांबच्या जोड्या गाळून टाकू गं. खर्च किती वाचेल! त्यांच्याने काय फरक पडतो?"

जेवताना आईचं तोंड फुगलेलं. बराच वेळ भांडी आपटून झाल्यावर म्हणाली, "पवनीचे मामा-मामी कावून गाळून राहिली तू? खर्चाचं मी पाहीन ना!"

मला आधी कळेचना… मग कळलं, ती कार्यक्रमाच्या पाहुण्यांबद्दल बोलत होती, आणि मी हसून हसून बेजार. बाबांना तर ठसकाच लागला. लॅपटॉप उघडून मी तिला त्या जोड्या कोणत्या ते दाखवलं. तिला पटलं, पण ती हसली नाही.

"लांबचे आहेत, पण माहेर म्हणून तेच तं उरले," ती म्हणाली. "त्याहीनं माहं घर पाह्यलंच नाही कधी. आता सोडा लागन, मंग काय दाखवू?"

रिटायर झाल्यावर प्लांटचं क्वार्टर परत करावं लागतं, हे मला माहीत होतं. तिला त्याचं इतकं वाटत असेल, हे मात्र डोक्यातच आलं नव्हतं… मी मामींना फोन लावला, जय भीम केला आणि येण्याचा हट्टच धरला. इलेक्ट्रॉनांचंही ठरवून टाकलं… लांबच्या जोड्या गाळायच्या नाहीत, ढोबळ पद्धतीने का होईना, मोजायच्याच.

काल मामा-मामी आले. आई मामींचा हात धरून फिरवत होती… तिने बसवून घेतलेला ओटा, मागचा पेरू, माझी उंची मोजलेली भिंत. दोनच खोल्या, पण दाखवून संपेनात.

इथे सगळे याला क्वार्टर म्हणतात, मीसुद्धा. हे आईचं घर आहे, हे चावी परत करायच्या आधी कळलं… एवढं तरी बरं झालं.