बोर्डात अडकलेला दादांचा आवाज

माझी बायको दात करते. म्हणजे कवळ्या. दंतवैद्य लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात आणि ती एका लांबट खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर, मेण, चिमटे आणि लहानसा जाळ घेऊन एकेक दात बसवते. बावीस वर्षं झाली. गल्लीत तिला सगळे दातवालीच म्हणतात. घरी आली की तिचा छंद निराळा. लोकांनी टाकून दिलेले रेडिओ, मिक्सर, चार्जर उघडून बसायचं. निम्मे चालू होतात. उरलेल्यांच्या खोक्यांपायी आमच्या पलंगाखाली झाडू फिरत नाही. त्यात लॅपटॉपचे दोन मेलेले मदरबोर्डही होते, सरावासाठी आणलेले. त्यातला एकही तिच्या हातून जिवंत झाला नव्हता. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच पुढचा सगळा काळ मी जीव मुठीत धरून काढला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. मागच्याच रस्त्यावर एकटे राहतात. गाडी शिकवणाऱ्या शाळेत त्यांची हयात गेली. आवाज असा, की शेजारच्या गाडीतला माणूसही दचकून ब्रेक दाबायचा. दोन वर्षांपूर्वी घशाला कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, "जे जे बोलावं लागेल ते रेकॉर्ड करून ठेवा." दादांनी तीन आठवडे बसून अकराशे वाक्यं रेकॉर्ड केली. ‘चहात साखर कमी आहे’ इथपासून ‘क्लच सोड, हळू, तो काय पळून चाललाय?’ इथपर्यंत. तेव्हापासून ते लॅपटॉपवर वाक्य निवडायचे आणि त्यांचाच आवाज बोलायचा.

त्या वाक्यांची दुसरी प्रत करून ठेवायचं काम माझ्या बायकोनं अंगावर घेतलं होतं. या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू, असं करता करता दीड वर्ष गेलं.

एका सकाळी दादा दारात उभे. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला. हातातल्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘मेला.’ आदल्या संध्याकाळी दिवे दोनदा गेले-आले होते, तेव्हापासून बटण दाबलं तरी काही नाही. चार्जरचा दिवासुद्धा लागेना.

आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदारानं उघडून पाहिलं आणि मान हलवली.

"बोर्ड बदलावा लागेल."

"आणि आतलं?" बायकोनं विचारलं.

"आतलं बोर्डाबरोबर जाणार, ताई. या मशीनमध्ये साठवणीची चिप बोर्डालाच जडवलेली आहे. वेगळी निघत नाही. दुसरी प्रत असेल ना तुमच्याकडे?"

तिनं लॅपटॉप परत टॉवेलात गुंडाळला. दुसऱ्या दुकानात तेच ऐकलं. तिसऱ्यानं एक कागद पुढे केला. बाहेरगावी पाठवू, पण आतल्या मजकुराची जबाबदारी आमची नाही, खाली सही करा. दादांनी कागद वाचला आणि सही न करता परत दिला.

घरी आल्यावर तिनं त्यांच्यासमोर बसून सांगून टाकलं. "दादा, मी प्रत केलीच नाही रे. तू दर वेळी विचारायचास आणि मी हो हो म्हणायचे." दादांनी एक कोरी चिठ्ठी पुढे ओढली. मग लिहिलं, ‘तूच उघड. दुकानात आवाज गेला तर मी भांडू कोणाशी?’

ती चिठ्ठी वाचून मला हसू आलं. ती मात्र हसली नाही. उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली.

पुढचे आठ दिवस ती वाचत होती, त्या मॉडेलच्या बोर्डाचे नकाशे बघत होती, मेलेल्या बोर्डांवर हात चालवत होती. जेवताना मध्येच थांबून म्हणायची, "चुकीच्या जागी वीज दिली ना, तर ती चिप कायमची जाईल. एका क्षणात. कळणारसुद्धा नाही." मी म्हणालो, मग नको करू. ती म्हणाली, "नाही केलं तर ती तशीही मेलेलीच आहे."

रविवारी सकाळी जेवणाचं टेबल खिडकीपाशी ओढलं. पंखा बंद. दादांना भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं. मागचं झाकण निघालं तेव्हा कळलं, बॅटरी उशीसारखी फुगलीय. अशी बॅटरी टोचली गेली तर पेट घेते, एवढं मीसुद्धा ऐकून होतो. मी बाहेर बांधकामावर धावलो आणि बादलीभर वाळू मागून आणली. ती बादली धरून मी दारात उभा राहिलो. खरं सांगायचं तर दारात, कारण तिथून पळता येत होतं.

बॅटरी खाली गोंदानं चिकटलेली. पातं घालायची तिची हिंमत झाली नाही. तिनं कामावरचा, दातांच्या फटीत घालायचा मेणाचा दोरा आणला आणि तो बॅटरीखालून करवतीसारखा मागेपुढे ओढत राहिली. गोंद तुटताना चर्र असा आवाज यायचा आणि दर वेळी आम्ही तिघंही श्वास रोखायचो. वीस मिनिटांनी ती सुटली. मी ती वाळूत ठेवून बादली अंगणाच्या पार कोपऱ्यात नेऊन ठेवली.

मग बोर्ड बाहेर आला. हिरवट, दोन तळहातांएवढा. तिनं त्यातला एक काळा चौकोन बोटानं दाखवला, स्पर्श न करता. "दादा, तू इथे आहेस." दादा उठून आले, वाकून पाहिलं, परत जाऊन बसले.

मीटर लावल्यावर तो वाजतच राहिला. म्हणजे विजेच्या मुख्य वाटेवर कुठेतरी शॉर्ट होता, पण तिथे तिळाएवढे पन्नासेक भाग. नेमका कोणता ते शोधायला तिनं अगदी कमी, एक व्होल्ट वीज द्यायचं ठरवलं. बिघडलेला भाग तापतो. वर स्पिरिट पसरलं की तापलेल्या जागी ते आधी वाळतं. तिनं ब्रशनं स्पिरिट लावलं आणि वायर हातात घेतली. नकाशातली जागा तीनदा तपासली. तरी वायर टेकवेना.

"अहो, तुम्ही बघा हो. हीच ना जागा?"

मला त्यातलं काय कळणार? तरी मी नकाशा पाहिला, बोर्ड पाहिला आणि म्हणालो, "हीच." चूक निघाली तर त्यात आता माझाही वाटा होता.

तिनं वायर टेकवली. स्पिरिट चकाकत राहिलं. मग एका जागी, मोहरीएवढ्या ठिपक्यावर, ते उडून गेलं. एक कपॅसिटर, म्हणजे क्षणभर वीज साठवणारा बारीक भाग. असे सहा शेजारी-शेजारी होते. "यातला एक काढला तरी बाकीचे सांभाळून घेतात," ती म्हणाली.

काढताना मात्र घात झाला. सोल्डरिंगच्या तापल्या कांडीचं टोक लागलं, कपॅसिटर निघाला आणि त्याच्याबरोबर शेजारचाही सरकून तिरका झाला. एक बाजू हवेत. तिनं कांडी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. बावीस वर्षांत मी तिला अर्ध्या कामातून हात काढताना पाहिलं नव्हतं.

दादा उठले. तिच्यामागे उभं राहून त्यांनी दोन बोटं तिच्या खांद्यावर ठेवली. जोर दिला नाही, नुसती ठेवली. शिकाऊ माणूस भर रस्त्यात गाडी बंद पाडून बसला की ते असंच करायचे म्हणे. तिनं नाक पुसलं, भिंगाचा चष्मा नीट केला आणि कांडीचं टोक टेकवून तो तिळाएवढा तुकडा परत जागेवर ढकलला.

मीटर आता वाजला नाही. बॅटरीशिवाय, नुसता चार्जर लावला. दिवा लागला. पडदा उजळायला जो वेळ गेला तेवढा लांब वेळ मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. पडदा उजळला, फोल्डर दिसलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं आधी प्रत करायला घेतली. एकामागून एक फाइल जात होती आणि ती पुटपुटत होती, "थांब, बंद पडू नकोस, थांब." एक हजार ऐंशी वाक्यं आली. वीस उघडली नाहीत. ती कोणती होती ते दादांनाही आठवेना. तिनं लगेच दुसरी प्रत केली, मग तिसरी.

खरी भीती तिला नंतर आली. सोमवारी कामावर मेण कापताना तिचा हात हलला आणि एका म्हातारबुवांची अख्खी कवळी पुन्हा नव्यानं करावी लागली. आठवडाभर ती झोपेत दचकत होती. दादा आता नव्या मशीनवर बोलतात. रोज संध्याकाळी ती त्यांच्याकडे जाते, तिन्ही प्रती उघडून दोन-चार वाक्यं ऐकते आणि परत येते. मी एकदा म्हणालो, अगं, आता कशाला? तिनं चप्पल पायात घालता घालता सांगितलं, "असू दे हो. मला बघून यायचंय."